शेवग्याचा पाला

बहात्तरच्या दुष्काळात माझी धाकटी बहीण संध्याकाळ झाली की धडपडायला लागली. पहिल्या दिवशी ती पाण्याच्या कळशीवर आपटली. कळशी लवंडली आणि आईने तिच्या पाठीत धपाटा घातला, कारण ते पाणी आईने लांबून डोक्यावर आणलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्यात पडली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी आईने तिला समोर बसवलं, दोन बोटं धरली आणि विचारलं, "किती?"

बहीण भलतीकडेच बघत म्हणाली, "काय किती?"

आई तशीच जमिनीवर बसली. धपाटा आठवून तिला रडू फुटलं.

वडील तिसगावजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. आम्ही तिघी बहिणी, मी अकरा वर्षांची, सगळ्यांत मोठी. वडिलांच्या पगारातला मोठा वाटा गावी आजी-आजोबांकडे जायचा. उरलेल्यात आई एरवी नीट भागवायची, पण त्या वर्षी तिसगावच्या बाजारात भाजीच दिसेना, आणि दिसली तर घेववेना. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, दोन्ही वेळेला तेच. पोट भरायचं, एवढंच.

आई बहिणीला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी तिचे डोळे बघितले. "रातांधळेपणा आहे. वेळेवर आणलंत. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस संपलाय, महिन्याने तुमच्या गावात फेरीला येईन तेव्हा देते. तोवर हिरवा पाला पोटात जाऊ द्या. रोज. आणि त्याला थोडं तेल हवंच."

"या दुष्काळात हिरवा पाला कुठून आणू?" आई म्हणाली.

उत्तर शेजारच्या मावशींकडे होतं. त्या शेतकरी घरातल्या. त्यांची विहीर आटली होती, पण विहिरीवरचा शेवगा हिरवागार उभा होता आणि त्याचा पाला त्या शेळ्यांना घालायच्या. आईने सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग शेवग्याचा पाला खाऊ घाला की पोरीला."

"पाला? आमच्याकडे शेंगाच खातात, मावशी. पाला तर शेळ्या खातात."

"म्हनून तर दुष्काळात बी माझ्या शेळ्या बघा कशा हायेत, आन् तुमच्या पोरी बघा."

आईला ते लागलं असणार. पण ती लगेच पदर खोचून माझ्याकडे वळली. "चल, चढ झाडावर."

मी इतक्या उत्साहात चढले की शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं हे मावशी खालून ओरडून सांगेपर्यंत मी फांदीसकट खाली आले होते. गुडघे फुटले. मावशींनी आधी मला उठवलं, मग फांदी उचलली. "पाला भाजीला न्या आन् ह्यो दांडका तुमच्या मोरीपाशी रोवा. सांडपान्यावर लागंल."

आईने पाला निवडला, मोजक्या तेलात लसणाची फोडणी केली, मूठभर मूगडाळ घालून भाजी परतली आणि वरून शेंगदाण्याचं कूट पेरलं. मला आणि मधलीला ती एवढी आवडली की आम्ही कढई पुसून खाल्ली. किती दिवसांनी तोंडाला हिरवी चव लागली होती! पण जिच्यासाठी केली होती तिने पहिलाच घास थुंकला. "कडू आहे."

दुसऱ्या दिवशी आईने डाव टाकला. पाला बारीक चिरून मिलोच्या पिठात मिसळला, चिकटपणासाठी थोडं डाळीचं पीठ, तीळ, ओवा घातला आणि तव्यावर खमंग थालीपीठ लावलं. बहिणीने दोन खाल्ली आणि तिसरं मागितलं. आई आमच्याकडे बघून डोळ्यांनीच हसली. मग तिला चेवच चढला. कधी हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्यात पाला, कधी वरणात, आणि सावलीत वाळवून केलेली भुकटी भाकरीच्या पिठात. शाळेतून येताना आम्ही पैज लावायचो, आज पाला कशात लपवला असेल?

रोज संध्याकाळी परीक्षा व्हायची. मी बोटं धरायची आणि बहीण अंदाजाने आकडे ठोकायची. आठवडा गेला, दुसराही गेला. मोरीपाशी रोवलेल्या दांडक्याला कोंब आले, तरी तिची उत्तरं चुकतच होती. वडील शाळेतून आल्याबरोबर विचारायचे, "आज?" मी मान हलवायची.

मग एकदा दिवेलागणीला आम्ही सगळे आत होतो. अंगणातून बहिणीचा आवाज आला, "हाड्! हाड्!" पाठोपाठ धावल्याचा आवाज. आम्ही बाहेर गेलो तर मावशींची शेळी कोंबांवर तोंड टाकत होती आणि ही पोरगी हातात काठी घेऊन सरळ तिच्या मागे पळत होती. वाटेत बादली होती. ती बादलीला वळसा घालून गेली.

वडील चप्पल न घालताच अंगणात उतरले. त्यांनी चार बोटं धरली. "किती?"

"चार," ती चिडून म्हणाली, "पण शेळी पळाली ना!"

वडिलांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि तसेच मावशींच्या दारात गेले. मागून आम्ही सगळ्या. मावशींनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि तिच्या हातावर गूळ ठेवला.

महिन्याने नर्सबाई आल्या, तेव्हा त्यांनी ठरलेला डोस दिलाच. पण आधी आईकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे शाळेत सगळ्या बायकांना सांगा." आई चार माणसांत कधी बोललेली नव्हती. शनिवारी दुपारी खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावरून बायका पोरं घेऊन आल्या. आईने चूल मांडली. सुरुवातीला ती खाली मान घालून पीठच मळत राहिली, पण थालीपीठ तव्यावर पडल्यावर ती अशी बोलायला लागली की दारात उभे असलेले वडील बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या शेवग्याखाली बायकांची रांग लागली. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लई झालं आता. माझ्या शेळ्यांनी काय खायचं?" आणि कोयता घेऊन त्या स्वतःच झाडाकडे गेल्या. एकेकीच्या हातात रोवायला एकेक दांडका दिल्यावरच त्यांनी कोयता खाली ठेवला.