मामांनी नापास केलेल्या विमानशाळा

या जगात एकाही माणसाला त्याचं पुढचं वाक्य आपलं आपण सुचू शकतं, यावर माझ्या थोरल्या मेव्हण्यांचा विश्वास नाही. घरात सगळे त्यांना मोठे मामा म्हणतात. सौंदडजवळच्या गावी त्यांची धानाची शेती आहे, पण जीव अडकला तो नाटकात. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट आज या गावात, उद्या त्या गावात. पाठांतराला वेळ कुणाला असतो? म्हणून स्टेजच्या पुढ्यात एक खड्डा असतो, त्यात एक माणूस नाटकाचं पुस्तक घेऊन बसतो आणि खालून एकेक वाक्य पुरवतो. तो प्रॉम्प्टर म्हणजे आमचे मोठे मामा. उभी जवानी त्यांनी त्या खड्ड्यात काढली. राजे त्यांच्या जोरावर गरजले, नायिका त्यांच्या जोरावर रडल्या, आणि एकदा खलनायक मरताना काय बोलायचं ते विसरला म्हणून मरायचाच थांबला, तेव्हा त्याला खालून मामांनीच मारला.

खड्डा सुटला तरी सवय सुटली नाही. समोरचा बोलू लागला की मामांचे ओठ हलू लागतात, आणि तो श्वास घ्यायला थांबला की मामा हळूच पुढचा शब्द देतात. माझ्या लग्नात भंतेजी प्रतिज्ञा सांगत होते आणि मी ती त्यांच्या मागून म्हणायची होती. मामा माझ्या पाठीशी उभे राहून प्रत्येक शब्द आधीच पुरवत गेले, त्यामुळे मी भंतेजींच्याही पुढे निघून गेलो. तुमचं लग्न माझ्या आधी लागलं, असं बायको अजून ऐकवते. मयतीला गेले तर रडणाऱ्या बाईला मामा आठवण देतात की थोरल्या जावयाचं नाव घ्यायचं राहिलं. बँकेत मॅनेजरसाहेब आमची फाइल चाळत ‘तर मग हे कर्ज आम्ही...’ म्हणून थांबले, तेव्हा शेजारच्या खुर्चीतून मामांनी शांतपणे पुरवलं, ‘मंजूर करतो.’ साहेब तेच बोलून गेले. कर्ज त्यामुळेच मिळालं असं मी म्हणत नाही, पण माझी बायको म्हणते.

हे कर्ज होतं आमच्या प्रज्ञाला वैमानिक करण्यासाठी. आमच्या जिल्ह्यात धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे शेतांवरून, शिकाऊ विमानं रोज घिरट्या घालतात, आणि पोरगी लहानपणापासून धान रोवणाऱ्या बायांमध्ये मान वर करून उभी राहायची. बारावी झाली, डॉक्टरी तपासणी झाली. जवळच्या विमानशाळेची प्रवेश परीक्षा मात्र थोडक्यात हुकली आणि त्यात एक वर्ष गेलं. आता बाहेरची शाळा शोधायची होती, तीही जागा भरायच्या आत, कारण आणखी एक वर्ष बसून काढायची तिची तयारी नव्हती. मी तिरोड्याच्या एका शाळेत लिपिक. धावपट्टी कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. बायको म्हणाली, माझ्या दादाला घेऊन जा.

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. मंडईसाठी नाटक कंपनी ठरवायला अख्खं गाव मामांना पाठवतं, आणि गाव अजून फसलेलं नाही. मामांचा पहिला नियम असा, की पोस्टर बघायचं नाही. ‘पोस्टरवरची हिरोईन कधी येत नसते, भाऊजी,’ ते म्हणतात. ‘आली त आजारी पडून येते.’ दुसरा नियम असा, की कंपनीच्या मालकाशी बोलायचं नाही, स्वयंपाक्याशी बोलायचं. कोण नट रुसला, कोण सोडून चालला, हे त्याला आधी कळतं.

पहिल्या शाळेचं ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. कोट घातलेल्या बाईंनी गुळगुळीत पुस्तिका दिली, तीत रांगेनं विमानं उभी. मामांनी ती न उघडता प्रज्ञाला वारा घालायला दिली आणि विमानं दाखवा म्हणाले. विमानं दुसऱ्या गावी होती. आम्ही तिथं गेलो, तर अर्धी विमानं इंजिनं उतरवून बसलेली. मामा म्हणाले, निम्मी कंपनी अजून मेकअपमध्येच आहे, आणि आम्ही परत फिरलो. दुसऱ्या शाळेत विमानं धडधाकट होती, पण मामा थेट मेसमध्ये शिरले. भर दुपारी सगळी पोरं वरण-भात जेवत बसलेली. ‘सगळेच जेवून राहिले त उडून कोन राहिलं?’ हा त्यांचा सवाल. दुपारच्या उन्हात हवा उसळते, लहान विमानं उडवत नाहीत, असं तिथल्या सरांनी समजावलं. मामांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन ती शाळाही नापास केली. वरण पातळ होतं, हेही एक कारण दिलं. मी म्हटलं, मामा, आपल्याला पोरगी उडवायची आहे, गावजेवण घालायचं नाही. ते म्हणाले, तेच त. तिथली जागा पुढच्याच आठवड्यात भरली. त्या दिवशी प्रज्ञा जेवली नाही आणि मामांशी बोललीही नाही.

तिसरी शाळा शेवटची होती. त्या तुकडीत एकच जागा उरली होती आणि ऑफिसातल्या माणसानं सांगितलं, आज सही नाही झाली तर पुढच्या वर्षी या. मामांनी सकाळपासून झडती घेतली. विमानं उडत होती. पोरं दमलेली होती, ही मामांच्या हिशेबी उत्तम खूण. वरण घट्ट होतं. स्वयंपाक्याची कुणाबद्दल तक्रार नव्हती. खोट काही सापडेना तसे मामा कासावीस होऊ लागले. शेवटी ते मुख्य प्रशिक्षकांपुढे जाऊन बसले. ते सैन्यातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे कॅप्टन. शिक्षण कसं चालतं ते सांगता सांगता ते म्हणाले, की विद्यार्थी तयार झाला की एके दिवशी आम्ही खाली उतरतो आणि तो एकटा विमान घेऊन जातो.

मामांचे हलणारे ओठ थांबले. ‘एकटा? मंग मास्तर कुठं राहते?’

‘खाली. धावपट्टीजवळ.’

‘मास्तर खाली राहते त मंग फी कायची घेता?’

कॅप्टन हसले, पण मामा हसले नाहीत. ते उठून बाहेर आले आणि लिंबाच्या झाडाखाली मला म्हणाले, ‘ही शाळा नाई जमत. मोठमोठे नट पाहिले मी. समोर लोक दिसले का माणूस विसरते. कितीबी पाठ असू द्या, विसरते. वर कोन सांगन तिले?’ मी सांगितलं, सगळीकडे असंच असतं, एकट्यानं उडवल्याशिवाय लायसन्सच मिळत नाही. मामा म्हणाले, मंग सगळ्याच शाळा खराब आहेत. तिकडे ऑफिसातला माणूस घड्याळ बघत होता. आणि खरं सांगायचं तर मामांचं म्हणणं मला पटू लागलं होतं.

तेव्हा प्रज्ञा पुढे आली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, ‘मामा, मले एकटीलेच त चालवाचं आहे. त्याच्याचसाठी शिकाले चालली मी.’

तिचं बोलणं संपलं होतं, त्यात मामांना पुरवायला काही उरलं नव्हतं. मग ते पुन्हा आत गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी कॅप्टनना एवढंच विचारलं, की पोरगी वर गेल्यावर अडखळली तर तुम्ही खालून बोलाल ना. कॅप्टन म्हणाले, हातात वायरलेस असतो, बोलू. पण लगेच नाही. आधी तिला आठवू देऊ. खड्ड्यात बसणाऱ्या माणसाला हे कळतं. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे ज्याला ओळखता येत नाही, तो चांगल्या प्रसंगाचा खून करतो, असं ते स्वतःच सांगत आलेत. ‘मास्तर चांगला आहे,’ ते मला म्हणाले. ‘सही करा, भाऊजी.’

काही महिन्यांनी प्रज्ञानं तिच्या पहिल्या एकट्या उड्डाणाचा व्हिडिओ पाठवला. मामा तेव्हा आमच्याकडे तिरोड्याला आले होते. मोबाईल हातभर लांब धरून ते बघत होते. लहानसं पांढरं विमान धावलं, वर गेलं, गावाएवढा वळसा घालून पुन्हा खाली आलं. कडेला कॅप्टन वायरलेस हातात घेऊन उभे होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी तो तोंडाशी नेला नाही. मामांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आणि या वेळी ते विमान सोडून फक्त कॅप्टनकडे बघत होते.

‘कोनीच कायी सांगतलं नाई तिले?’ त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

‘म्हणजे पाठ होतं,’ मामा म्हणाले.

मोबाईल परत देताना त्यांचा चेहरा फुललेला होता आणि डोळे भरले होते. आनंद तर झालाच होता, पण आपली गरज लागली नाही हे कुठंतरी लागलंही होतं. त्यांची समजूत घालावी असं मला वाटलं. पण मी बाप होतो, आणि मलाही तेच झालं होतं. बायकोनं चहा आणून ठेवला. चहा पिता पिता मामांनी व्हिडिओ तिसऱ्यांदा लावायला सांगितला.