दोन छत्र्यांची कुस्ती

मुलांनो, आजारपणानंतर तुमचे आजोबा टीव्हीपुढे नुसते गप्प बसून असत. चित्र स्पष्ट दिसलं तर गोडी वाटेल, म्हणून मी बारामतीहून डिशवाल्याला सणसरला बोलावलं. त्याने शेजाऱ्यांच्या डिशच्या छत्रीवरून वायर ओढून दुसऱ्या कंपनीचा एचडी बॉक्स जोडला आणि एकच कुस्ती आपल्या जुन्या आणि या नव्या अशा दोन्हींवर आलटून पालटून लावली. मी चष्मा पुसून रंग पाहत होते. तो मात्र टीव्हीकडे पाठ करून उभा.

“अहो, बघताय कुठं?”

“तात्यांच्या तोंडाकडं,” त्याने आजोबांकडे बोट दाखवलं. “आजी, रोज बघणार कोण हाय?”

दुसऱ्या चित्रात पैलवानाच्या पाठीवरची माती कणकण दिसली. आजोबांनी मांडीवर थाप मारली. “आरं, पट काढ की!”

“हीच कंपनी ठिवा,” तो हसला.

ती थाप आता स्वयंपाकघरात रोज ऐकू येते. रोज मी त्याला मनातून दुवा देते.