पाय दिनाच्या पोळ्या

गोल वस्तूंवर आमच्या शेजारच्या आक्कांइतका जीव लावणारं माणूस साऱ्या बेळगावात सापडणार नाही. आक्का मूळच्या निपाणीच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि टिळकवाडीत आमच्या शेजारी राहायला आल्या. त्याच वर्षी त्यांनी चौदा मार्चला साऱ्या गल्लीला 'पाय दिना'चं जेवण सांगितलं. आई काळजीनं विचारायला गेली, "कुणाच्या पायाला काय झालं?" आक्कांनी तिला बसवूनच घेतलं. वर्तुळ केवढंही असो, त्याचा घेर व्यासाच्या तिप्पट आणि वर थोडा. त्या आकड्याचं नाव पाय. तीन पूर्णांक एक चार, म्हणून तिसऱ्या महिन्याची चौदा तारीख. समोरचे वकील म्हणाले, "आपल्याकडं तारीख आधी, महिना मागनं. हा सण एकतीस एप्रिलला पाहिजे." आक्का शांतपणे म्हणाल्या, "एकतीस एप्रिल उजाडला की सांगा. तवर पोळ्या गार व्हत्यात."

दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या घरात चौकोनी काही चालत नसे. कुणी बर्फी आणलीच, तर तिचे लाडू वळून मगच ताटात. खव्याच्या कुंद्याला मात्र आकारच नाही म्हणून सूट होती. खरं म्हणजे तो त्यांना फार आवडायचा. जेवणाआधी प्रत्येकानं आपली पुरणपोळी मोजायची. व्यासाएवढा दोरा कापून तो काठाकाठानं लावत जायचा. तीनदा लावूनही थोडी फट उरली, की तूप. कानडी बोलणारे, मराठी बोलणारे, सगळे भुकेल्या पोटी दोरे लावत बसलेले.

मग एका हिवाळ्यात माझ्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातनं घरी आले ते बोलणं हरवूनच. आम्ही त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचो आणि ते भिंतीकडं तोंड फिरवायचे. चौदा मार्चला आक्का ताट घेऊन आल्या. आप्पांपुढं पोळी ठेवली, चांगल्या हातात कापलेला दोरा दिला. "आप्पा, मोजल्याबिगर जेवान न्हाय. नियम समद्यांना एकच."

मला राग आला. पण आप्पा मोजायला लागले. दोरा सारखा निसटत होता. आक्का मदत करत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. बऱ्याच वेळानं उरलेल्या फटीवर बोट टेकवून आप्पा म्हणाले, "तीन... आन् जरा."

"व्हय, बरोबर," आक्का म्हणाल्या आणि तूप वाढलं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आता आक्का लेकीकडं हुबळीला असतात. यंदा चौदा मार्चला आप्पांनी स्वतः फोन लावून त्यांना जेवायला बोलावलं. "लई लांब पडतंय हो आता," त्या म्हणाल्या. मग दोघं गुडघ्यांबद्दल बराच वेळ बोलत राहिले. मला फोन घेऊन आभार मानायचे होते. पण आप्पांचं बोलणं तोडवेना.