कव्हरावरचं नाव

राइटर आपली गोष्ट आधी पोळ्या करणाऱ्या बाईला सांगून बघायचे. ती बाई मी. सकाळभर ते वरच्या खोलीत जर्मनमध्ये लिहीत आणि अकराच्या सुमारास कागद घेऊन स्वयंपाकघरात येत. त्या दिवशीचं लिहिलेलं मोडक्यातोडक्या हिंदीत मला सांगत. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नसे, हाताकडे असे. लाटणं फिरत राहिलं की ते नुसती मान हलवत. लाटणं थांबलं की लगेच कागदाच्या कडेला फुली मारत. "जहाँ हाथ रुका, वो रहेगा," म्हणत. "बाकी कट."

मला हे आधी ठाऊक नव्हतं. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि माणूस समोर बसून बोलायला लागला की मला लाज वाटते. त्यामुळे पहिले आठ दिवस मी खाली मान घालून भराभर लाटत राहिले. कचऱ्याची टोपली रोज फाडलेल्या कागदांनी भरायची, आणि ती मीच रिकामी करायचे. शेवटी डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, "अगं, तू थांबत नाहीस म्हणून राइटर सगळं फाडतायत." तेव्हा कुठे मी थांबायला शिकले.

डॉक्टरबाई म्हणजे राइटरची मोठी बहीण. सौदीत, थुवालला विद्यापीठाच्या आवारात त्यांचं घर होतं. त्या समुद्राखालच्या पोवळ्यांचा अभ्यास करत. आमच्याकडून त्या कामापुरतं हिंदी शिकल्या होत्या, ते मी इथे मराठीतच लिहिते. त्याच आमच्या कफील; आमचा इक़ामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्याच जबाबदारीवर. आमचे हे त्यांची गाडी चालवत आणि मी घरकाम, स्वयंपाक बघत असे. आम्ही गुहागरकडचे. राइटर बहिणीकडे दोन हिवाळे राहिले. तरुणपणी ते काही दिवस बनारसला होते, तिथूनच त्यांना हिंदी आणि पोळी दोन्ही लागलेली.

उंच अंगकाठी, बारीक कापलेले केस, एका कानात चांदीची बाळी, कधी ओठांना फिकट लाली आणि पायात बाप्याच्या चपला. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून विचारलं, "सर बोलूँ कि मॅडम?" ते म्हणाले, "दोनों नहीं. मैं दोनों में से नहीं. राइटर बोलिए, काम वही है." मला ते सोपं वाटलं. आमच्याकडे मानाच्या माणसाला 'ते' म्हणतात, तसंच मी इथे लिहिते आहे. गेटवरचा शिपाई एक दिवस सर म्हणे, दुसऱ्या दिवशी मॅडम. राइटर दोन्हीला सारखाच हात वर करत. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं की घरातलं घरात राहू दे. मी तशीही बाहेर कुणाशी बोलत नाही.

त्यांच्या गोष्टी सगळ्या आभाळापलीकडच्या. जिथे सूर्य उगवतच नाही असा समुद्र, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं एक जहाज. संध्याकाळी आमचे हे मला चिडवायचे.

"काय गं, आज राइटरने कुठे नेलं?"

"त्या जहाजावर. तिथे कांदे पिकवलेत."

"ओलाव्यात? सडतील की. तुझ्या राइटरला सांग, आमच्या सुनंदाला एक दिवस त्या जहाजातल्या शेतावर ठेवा."

मी दुसऱ्या दिवशी धीर करून सांगितलं की कांदा ओल्यात टिकत नाही, आमच्याकडे त्याच्या माळा करून वाऱ्याला टांगतात. राइटरनी पेन काढलं. माळ कशी विणतात ते मला लसणीच्या पातीवर करून दाखवायला लावलं. जहाजात मग वारा खेळणारी एक खोली आली आणि तिच्यात कांद्यांच्या माळा. "ग्यारह किताबें हो गईं," ते म्हणाले, "प्याज़ का किसी ने नहीं बताया."

त्या अकरा पुस्तकांची हकीकत मला लसूण सोलता सोलता थोडी थोडी कळली. पहिलं त्यांनी टपाल कचेरीत नोकरी करत असताना लिहिलं. ते एवढं गाजलं की दुकानांपुढे रांगा लागल्या. त्यावर आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं. पुढे त्यांना स्वतःची नीट ओळख पटली आणि त्यांनी योना हे नाव घेतलं. पण प्रकाशकाने पुस्तकं जुन्याच नावाने काढली, कारण वाचक त्या नावाला ओळखत होते. कार्यक्रमात माईकवरून ते नाव पुकारलं की राइटरना वाटे, उठून कुणी दुसरंच जाणार आहे. मग त्यांनी कार्यक्रमांना जाणं सोडलं. हळूहळू पुस्तकं खपेनाशी झाली. ते जुनं नाव मला माहीत आहे, पण मी ते इथे लिहीत नाही.

जहाजाची गोष्ट बारावी. हिच्यावर योना छापा, असं त्यांनी प्रकाशकाला कळवलं होतं. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी उत्तर आलं. जुनं नाव असेल तर काढू, नाहीतर नाही. आठ दिवसांत सांगा.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दोघा भावंडांचं वाजलं. डॉक्टरबाईंचं म्हणणं एवढंच होतं की आधी पुस्तक येऊ दे, वरच्या एका नावाने काय बिघडतं? मग आत येऊन त्यांनी हे मलाही सांगितलं आणि म्हणाल्या, "तू समजाव. राइटर तुझं ऐकतात."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता राइटर आले ते कागदाशिवाय. मी कणीक मळत होते.

"आप क्या कहती हैं?"

मी खाली बघूनच म्हटलं, "पुराना नाम डाल दीजिए. किताब तो निकलेगी."

ते माझ्या हातांकडे बघत होते. "हाथ नहीं रुका," म्हणाले. "ये कट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी सांगितलं. माझं माहेरचं नाव मंदा. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, ह्यांनी अंगठीने त्यात नाव काढलं. मी समोर बसलेली, त्यामुळे मला ते उलट्या बाजूने वाचावं लागलं. अक्षर अक्षर लावलं तेव्हा कळलं की आजपासून मी सुनंदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले.

"तो आपका कौन सा?" राइटरनी विचारलं.

"इक़ामे पे सुनंदा है."

"वो नहीं पूछा."

मी विचार केला. सुनंदा नावाने मला मुलं झाली, संसार झाला. त्या नावाचा मला राग नाही. पण आई गेली आणि मंदा म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. मी राइटरना म्हटलं, मला कुणी आधी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच. बोलता बोलता परातीतली कणीक वाळून गेली होती.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आपकी माँ क्या बुलाती है?"

"पुराना नाम. माँ को छूट है," ते म्हणाले. "दुकान को नहीं."

त्याच दुपारी त्यांनी प्रकाशकाला नकार कळवला. प्रकाशकाने पुस्तक सोडून दिलं. डॉक्टरबाई माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलल्या. माझ्या जिवाला घोर लागला. चौथी शिकलेल्या बाईचं ऐकून एका माणसाचं पुस्तक अडलं, असं मला सारखं वाटायचं. राइटर मात्र अकराला येतच राहिले. जहाजाचा शेवट त्यांनी त्याच स्वयंपाकघरात पुरा केला, तो छापणार कोण हे ठाऊक नसताना. तो शेवट ऐकताना माझी पोळी तव्यावर करपली. त्यांनी आनंदाने ती करपलेलीच खाल्ली.

जेद्दाच्या विमानतळावर आम्ही दोघं सोडायला गेलो. बॅगा उतरवताना ह्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "राइटरजी, फिर आना. आपके बिना ये मेरे को कुछ बताती नहीं." राइटर हसले आणि माझ्याकडे वळले. "अब किसको सुनाऊँ?" मी वाटेसाठी केलेल्या दशम्यांचा डबा पुढे केला.

पुढे डॉक्टरबाईंचं काम संपलं आणि त्याही गेल्या. आता आम्ही दुसऱ्या घरी आहोत. माणसं चांगली आहेत. पण स्वयंपाकघरात कुणी येऊन बसत नाही. अकरा वाजले की अजून मी एकदा दाराकडे बघते.

मागच्या महिन्यात राइटरचा फोन आला. एका लहानशा प्रकाशकाने पुस्तक काढलं होतं. कव्हराचा फोटो आदल्या दिवशीच आला होता. इंग्रजी अक्षरं मी सावकाश लावते. योना, एवढं मला लागलं.

"कितनी बिकी, मत पूछिए," ते म्हणाले.

मला ते विचारायचंच नव्हतं. मी विचारलं, "माँ ने देखा?"

"देखा. चश्मा लगाया. कवर पे उँगली रखके ज़ोर से पढ़ा. योना."

"फिर?"

"फिर पुराने नाम से बोली, सूप ठंडा हो रहा है."

आम्ही दोघंही हसलो. मग मी म्हटलं, "एक बार पढ़ा ना?"

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.

"हाँ," ते म्हणाले. "पढ़ा."