दुबारा विचारलेले प्रश्न

निवृत्त झाल्यावर मी एकच उपद्व्याप केला आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. पुण्याच्या एका संस्थेला परदेशी स्वभावचाचणी मराठीत, आमच्याकडच्या माणसांवर चालते का, ते तपासायचं होतं. वडनेर भोलजीत मी तीस वर्षं शिक्षिका होते, म्हणून घरोघर जाऊन प्रश्न वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पंधरा दिवसांनी त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली तर चाचणी भरवशाची.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नुकतीच कापूस वेचून आली होती. "मी मेहनती आहे," मी वाचलं. "सहमत की असहमत?"

ती लाजली. "असहमत लिवा, बाई. आपल्याच तोंडानं आपली तारीफ काय करू?"

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं आवरून दिवस उगवायच्या आत शेत गाठणारी बाई ही! पण काही सुचवायचं नाही, अशी सक्त सूचना होती. मी निमूट खूण केली. पुढचा प्रश्न, "मी पार्टीत अनोळखी लोकांशी पुढाकार घेऊन बोलते." ज्यानं हा मराठीत आणला त्याला एकदा आमच्या गावात आणून बसवायला हवं. इथं पाण्याचा गडू हातात पडायच्या आत पाहुण्याचं गाव, आडनाव, सोयरीक सगळं विचारून होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, तर तिनं जवळपास प्रत्येक उत्तर फिरवलं. सूचना गेली खड्ड्यात, मी विचारलंच. "काऊन बदललं वं सगळं?"

"तुमी दुबारा इचारून राह्यल्या म्हंजे पयलं चुकलंच असन ना! शाळेत तसंच राहे."

बरोबर उत्तराला 'बस खाली' आणि चुकलेल्याला 'पुन्हा सांग', हेच मी तीस वर्षं केलं होतं. गावातले बहुतेक फॉर्म असेच निघाले.

फोनवर मी हे सांगितलं तर संस्थेतले सर हसले. "मॅडम, असे लोक आपण काढूनच टाकतो. फॉर्मवर 'अविश्वसनीय' लिहा आणि सही करा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तपासायला निघाले होते चाचणी आणि नापास केली माणसं! तराजू वाकडा आणि दोष ज्वारीला? मी त्यांना तसं तोंडावर सुनावलं. ते म्हणाले, पद्धत असते. मी सही केली नाही. त्या विद्यार्थिनीचं बोलणं जसंच्या तसं कागदावर लिहून फॉर्मसोबत पाठवलं. त्यावर आजतागायत कोणी चकार शब्द कळवलेला नाही.

आठवड्याभरानं ती नांदुऱ्याच्या बसला उभी असलेली दिसली. मला पाहून घाईघाईनं जवळ आली, आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "बाई, या खेपेले तं बरोबर आलं ना सगळं?"

मी हो म्हटलं. तिचा चेहरा असा खुलला की मला त्या सरांपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.