गज मांडीवर

माझी मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं, त्यामुळे तिला नाव नाही, आणि तिच्याबद्दल बोलायचं तर काय म्हणून बोलायचं हेच घरात कुणाला कळेना. म्हणून कुणी बोललंच नाही. मी स्वयंपाक करत होते, पाणी भरत होते, आल्यागेल्याला चहा देत होते. शेजारणी म्हणत, मोठी धीराची आहे हो. धीर कसला डोंबलाचा. मला काही वाटतच नव्हतं. पायाला मुंग्या आल्या की पाय आपलाच आहे एवढं नुसतं माहीत असतं, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं.

आम्ही तेव्हा अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. नवी यंत्रं बसवायला विलायतेहून एक साहेब दोन वर्षांच्या कराराने आला होता आणि आमचे हे ड्रॉइंग ऑफिसात त्याच्या हाताखाली होते. त्या वर्षीच्या श्रावणात एक दिवस ह्यांनी येऊन सांगितलं की साहेबाची बायको व्हायोलिन वाजवते, तिला तुझ्याबद्दल बोललोय, सोमवारी दुपारी तिच्याकडे जायचंस. लग्नाआधी मी कल्याणला एका गायनाच्या क्लासात सहा वर्षं व्हायोलिन शिकले होते. लग्नानंतर ते पलंगाखाली गेलं ते गेलंच. मी बरं म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

मड्डम चाळिशीच्या होत्या, हाडापेराने मोठ्या, उन्हाने नाक सोललेल्या. पहिल्याच दिवशी मी शाळेतल्या इंग्रजीत ‘तुमचं इंग्लिश संगीत’ म्हणून गेले आणि बाईंचा चेहराच बदलला. त्या आयर्लंडच्या. इंग्रजांनी तुमच्याआधी आमच्यावर राज्य केलंय, हे त्यांनी मला चहा ओतता ओतता ऐकवलं. नवरा इंग्रज होता, पण तो भाग वेगळा.

व्हायोलिनला त्या फिडल म्हणत. हनुवटीखाली न दाबता छातीशी सैल धरत, खुर्चीच्या टोकावर बसत आणि बुटाने जमिनीवर ठेका देत. समोर कागद नसे. त्यांच्या गावात कुणी कागदावरून शिकतच नसे. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने कानाने उचलायचं. धुना छोट्या, दोन भागांच्या. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, आणि संपली की न थांबता पुन्हा पहिल्यापासून. काही सहा मात्रांच्या, आपल्या दादऱ्यासारख्या, पण घाईत असलेल्या. सूर पुष्कळदा काफी रागाचे लागत. मला सुरावरून सुरावर घसरत जायची सवय, तर मड्डम म्हणत, घसरू नकोस, उडी मार. माझ्या तारा त्यांच्या पद्धतीने चढवताना एक तुटली. ती उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे मिळाली, जो तबल्याच्या वाद्या आणि स्टोव्हच्या पिना एकाच बरणीत ठेवायचा.

कुठलीही धून सुरू करण्याआधी मड्डम ती कुणाकडून घेतली ते सांगत. ही मावशीकडून, ही गावातल्या गवंड्याकडून, ही जत्रेत भेटलेल्या एका बाईकडून. ते मला घरचं वाटलं. आमचे गुरुजीही आपल्या गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत. एवढं जुळलं म्हणून बाकीचंही जुळत असणार असं मी धरून चालले, आणि तिथेच माझं चुकलं.

आमच्या क्लासात गुरुजी वाजवायला लागले की शिष्याचा गज मांडीवर. त्यांचं संपल्याशिवाय उचलायचा नाही. गुरूच्या सुरावर आपला सूर चढवणं म्हणजे उर्मटपणा. मड्डम शिकवताना एकेक तुकडा वाजवत आणि मी तो मागून वाजवत असे, तोवर ठीक होतं. पण चहा झाला की त्या नुसत्या वाजवायला बसत. धून फिरून पहिल्यावर आली की माझ्याकडे बघून भुवया उंचावत. माझं लक्ष आहे ना हे त्या बघताहेत असं समजून मी मान डोलवत असे. कधी कधी वाहवाही म्हणत असे.

त्यांनी विचारलं नाही असंही नाही. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा म्हणाल्या, ये ना, माझ्याबरोबर वाजव. मी म्हटलं, नको नको, तुम्हीच वाजवा. आपल्याकडे ताटावर आडवा हात धरला तरी वाढणारी बाई आग्रह करते, तेव्हा कुठे आपण हात काढतो. मी आग्रहाची वाट बघत राहिले. त्यांच्याकडे नको म्हणजे नको. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं होतं. तिकडे आयर्लंडला त्यांच्या घरी रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात पाच-सहा जण जमत, कुणीतरी सुरू करी आणि येत असेल तो त्यात शिरे. इथे आल्यापासून मी एकदाही कुणाबरोबर वाजवलेलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. परत जाण्याआधी एकदा तरी वाजवायला मिळावं. मी ते ऐकलं आणि अरेरे म्हणाले. त्या ते माझ्याकडे मागताहेत हे डोक्यात शिरलंच नाही. त्या काळात माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. घरी येऊन मी धुना वहीत सा रे ग म करून उतरवत असे आणि दुपारी दार लावून वाजवत असे. पहिल्या दिवाळीपर्यंत सात धुना बोटांत बसल्या होत्या. आनंद झाला का? नाही. नुसता हाताला चाळा.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात साहेबाचा करार संपला. त्यांची बोट पुढच्या आठवड्यात होती. त्याच दिवसांत ह्यांच्या आत्याबाईंनी भोंडल्याला बदलापूरला बोलावलं. बेलवलीत त्यांचं घर होतं, पुढे मोठं अंगण. पाटावर हत्ती काढलेला, भोवती पंधरा-वीस मुली आणि आम्ही चार-पाच बायका फेर धरून. मी फिरत होते, पण तोंड बंद. सगळ्यांचं छान चाललं होतं, आपण कशाला मध्ये. एक चार वर्षांची पोरगी एकही शब्द येत नसताना ओळींचे नुसते शेवट पकडून ओरडत होती.

आत्याबाईंनी माझा हात हिसकला. “तोंड शिवलंयस का गं? गप्प काय फिरतेस?”

“म्हणताहेत की सगळ्या. मी ऐकतेय,” मी म्हटलं.

“ऐकतेय म्हणे. आम्ही काय तुला गाऊन दाखवतोय?”

मी फेरातच थांबले. मागची मुलगी माझ्यावर आदळली. मड्डमचं स्वयंपाकघर, ते पाच-सहा जण, त्या उंचावलेल्या भुवया, सगळं एकदम उलगडलं. ते क्लासातलं वाजवणं नव्हतंच. तो फेर होता, आणि त्या बाई इतके दिवस एकट्याच फिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्हायोलिन घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेले. सोमवार नव्हता. सामान गेलेलं, खोलीत दोन खुर्च्या आणि फिडल. मड्डमना वाटलं मी निरोप द्यायला आले. मी म्हटलं, मावशीची ती धून वाजवा. त्यांनी सुरू केली. पहिला भाग एकदा झाला आणि मी गज उचलून त्यात शिरले. दोन ठिकाणी घसरलेही. मड्डमचा गज क्षणभर थबकला, मग त्यांनी बुटाचा ठेका वाढवला. आम्ही ती तीनदा वाजवली, मग गवंड्याची, मग जत्रेतली. सातही झाल्या.

फिडल मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, “या तुला कधीपासून येतात?”

“पहिल्या दिवाळीपासून.”

“म्हणजे तुला सगळं येत होतं,” त्या म्हणाल्या. “तू समोर बसली होतीस, आणि वर्षभर मी एकटी वाजवत होते.”

रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझे कान तापले, मान खाली गेली. मला लाज वाटत होती. मुलगी गेल्यापासून मला काही वाटलं ते हे पहिलं, आणि ती लाज होती. मी रडायला लागले. मड्डमनी खुर्ची जवळ ओढली. रडता रडता मला ह्यांची आठवण आली. मुलगी त्यांचीही गेली होती, आणि मी रोज त्यांच्या समोरच बसलेली असायचे.