बारीक नळीतलं पाणी

सुनीती पांढरीपांडे सिंदीला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला आल्या ते साल चौपन्न. माहेर वर्ध्याचं, शिक्षण नागपूरला झालेलं. लग्न ठरून मोडलं होतं. कुणी खोदून विचारलंच, तर "बरंच झालं" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. रेल्वे फाटकाजवळ दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहत. सुरुवातीला गावाला याचंच नवल होतं. नंतर नवल करायला दुसरी कारणं मिळाली.

त्यांना पाठ केलेलं शास्त्र आवडत नसे. जे खरं असतं, पण ऐकल्याबरोबर आपलं मन "छे, असं कसं होईल?" म्हणतं, तेवढंच त्यांना मनापासून आवडे.

गावात महिला मंडळ होतं. गुरुवारी दुपारी मंदिराच्या सभामंडपात बायका जमायच्या, भरतकाम करायच्या, भजनं म्हणायच्या. मंडळाचं सगळं शालूबाई पाहत. त्यांनी एकदा सुनीतीबाईंना गळ घातली, "तुम्ही शिकलेल्या आहात, आम्हाला चार शब्द सांगा."

शालूबाईंना वाटलं होतं, बाई आरोग्यावर बोलतील, लोणच्याला बुरशी का येते ते सांगतील. सुनीतीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रात्री अंधार का पडतो?"

बायका हसल्या. सूर्य मावळतो म्हणून, दुसरं काय!

"दाट जंगलात उभं राहिलं, तर कुठंही पाहा, नजर कुठल्या ना कुठल्या खोडावर आपटते," बाई म्हणाल्या. "आभाळात जर तारेच तारे असतील, कुठं अंतच नसेल, तर जिथं पाहू तिथं एक तारा हवा. मग रात्रही दिवसासारखी लख्ख हवी. ती काळी का?"

सुया थांबल्या. उत्तर बाईंनी पुढच्या गुरुवारी दिलं. उजेडाला यायला वेळ लागतो, फार लांबच्या ताऱ्यांचा उजेड अजून वाटेतच आहे. शिवाय काही शास्त्रज्ञ म्हणतात की ते तारे आपल्यापासून लांब पळताहेत, त्यामुळं त्यांचा उजेड मंदावतो. "पण यावरचा वाद अजून मिटलेला नाही," असंही त्यांनी सांगून टाकलं. त्या गुरुवारी सभामंडपात बसायला जागा कमी पडली.

नव्यानं येणाऱ्यांत कुंताबाई होत्या. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी; नवरा दौलतराव पिकवायचे, कुंताबाई विकायच्या. त्या मंडळात भरतकाम करत नसत. भिंतीला टेकून बसत आणि ऐकत.

पुढं एका गुरुवारी बाईंनी पाण्याचं कोडं काढलं. रुंद पातेलं असो की बारीक नळी, दोन्हींत पाणी सारख्या उंचीचं असेल, तर बुडाशी पाण्याचा दाब सारखाच असतो. पाणी किती आहे याला महत्त्व नाही, किती उंच आहे याला आहे.

कुंताबाई एकदम सरळ बसल्या. "बाई, म्हणजे आमचे मालक टाकं रुंद करून राह्यले, ते फुकटच म्हणा!"

हकीकत अशी होती. दौलतरावांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. विहिरीशेजारी टाकं बांधून त्यातून वरच्या वावराकडे लोखंडी नळ टाकला होता. ते वावर टाक्यापेक्षा चढावर होतं. पाटाचं पाणी चढ चढत नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण हा बंद नळ होता. मागून रेटा असला की पाणी जाईल कुठं, वरच चढेल, असा त्यांचा हिशेब. पाणी चढेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की रेटा कमी पडतोय, टाकं मोठं करायला हवं.

सुनीतीबाई मळ्यात गेल्या. दौलतराव विटा रचत होते. त्यांनी हात धुतले, बाईंना बाज टाकून दिली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, एक सांगा. एक बैल वढते त्यापेक्षा चार बैल जास्त वढते का नाई?"

"ओढतात."

"मंग पाण्यानंच काय घोडं मारलं? जास्त पाणी, जास्त रेटा. मले तं हेच समजते."

"तुम्हाला दाखवलं तर?"

"दाखवा ना जी. डोळ्यानं पाह्यलं तं मानन मी."

गावातल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या इमारतीला बाहेरून उंच लोखंडी जिना होता. कापसाचा हंगाम संपला होता, आवार रिकामं होतं. कारखान्याच्या मालकांनी परवानगी दिली. रविवारी सकाळी बाईंनी रॉकेलचा रिकामा डबा पाण्यानं काठोकाठ भरला, तोंड बंद करून त्यात एक तोटी बसवली आणि शाळेतली रबरी नळी तोटीला जोडून जिन्यावर नेली. वरून नळीत तांब्याभर पाणी ओतायचं, की खाली डबा फुटणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. निम्मं गाव जमलं होतं.

पाणी ओतलं. डबा जरासा कुरकुरला. मग रबरी नळी तोटीवरून सटकली आणि वाकून पाहणाऱ्या दौलतरावांच्या फेट्यावर पिचकारी बसली. लोक पोट धरधरून हसले. दौलतराव हसले नाहीत. फेटा सोडून पिळला आणि म्हणाले, "होते असं. पुन्हा करजा."

बाई घरी आल्या आणि दिवसभर दार लावून बसल्या. संध्याकाळी शालूबाई डोकावल्या, तर त्या फाटकाकडे बघत बसलेल्या. "हसले त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण त्यांना आता वाटणार, की गोष्टच खोटी आहे." शालूबाईंनी चहा केला. कपबशी हातात आल्यावर बाई म्हणाल्या, "रबर नको. लोखंडाची नळी हवी. डाग देऊन, झाळून पक्की केलेली."

तानबा नावाचा डबे झाळणारा बाजारात बसायचा. त्यानं बोटाएवढी बारीक नळी तुकड्या-तुकड्यानं जोडून दिली आणि डब्याच्या तोंडाला झाळून टाकली. पुढच्या रविवारी आवारात मोजकीच माणसं होती. या वेळी बाई पदर खोचून स्वतः जिना चढल्या.

पहिला तांब्या ओतला. डब्याचे पत्रे बाहेर फुगले. फुगलेल्या डब्यानं नळीतलं पाणी ओढून घेतलं, पातळी खाली गेली. बाईंनी ओतणं थांबवलं नाही. पाणी नळीत वर वर येऊ लागलं, डबा गोल व्हायला लागला, आतून कण्हल्यासारखा आवाज आला. नळी तोंडाशी भरत आली, आणि फाडकन डब्याची कड उसवून पाणी चौफेर उडालं.

कुणी हसलं नाही. दौलतराव फाटलेल्या डब्याजवळ उकिडवे बसले. उसवलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग बाई खाली आल्यावर त्यांनी विचारलं,

"बाई, डबा फुटला, मानलं. पण सारख्याच बुडाची दोन भांडी, एक वर पसरट अन् एक सरळ, भरून तराजूत ठेवली, तं पसरट भांडं जड भरन ना?"

"भरेल."

"बुडावर दाब सारखा म्हणता, अन् वजन तं सारखं नाई. मंग उरलेलं वजन जाते कुठं?"

कॉलेजात सुनीतीबाईंनी सूत्र लिहिलं होतं, गुण मिळवले होते. हा प्रश्न तिथं त्यांना पडलाच नव्हता. "मला आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "विचार करून येते."

दौलतरावांनी टाक्याचं काम थांबवलं. बाईंचं उत्तर येईपर्यंत वीट लावायची नाही, असं त्यांनी घरात सांगितलं.

उत्तर सापडायला पावसाळा उजाडला. बाई बाजारात कुंताबाईंसमोर बसून मेथी निवडत होत्या. कुंताबाईंनी पसरट तोंडाच्या टोपलीत वांगी ओतली. टोपलीच्या बाजू करकरत बाहेर कलल्या आणि कुंताबाईंनी सवयीनं दोन्ही गुडघे लावून त्या सावरल्या. बाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"कुंताबाई, जोर लागतोय का गुडघ्यांना?"

"लागते ना! नाई धरलं तं टोपली फसकन बसन."

त्याच संध्याकाळी बाई मळ्यात पोचल्या. "दौलतराव, तिरक्या भिंतींचं भांडं असलं, तर कडेच्या पाण्याचा भार त्या भिंती झेलतात. बूड फक्त स्वतःच्या डोक्यावरचं उभं पाणी झेलतं. तराजू मात्र भिंतींसकट सगळं भांडं तोलतो."

दौलतरावांनी हातांनी पसरट भांड्याचा आकार केला, मग पंजे जवळ आणले. "अन् बारीक नळीचा डबा? त्यात तं बुडावर पाण्याच्या वजनापेक्षा भार जास्त झाला."

"तिथं उलटं. पाणी डब्याच्या वरच्या पत्र्याला खालून रेटतं, तो पत्रा तेवढ्याच जोरानं पाण्याला खाली दाबतो. तो दाब बुडावर येतो. म्हणून तर पत्रा फाटला."

दौलतरावांनी कुंताबाईंना हाक मारली, "इकडं ये वं. आपल्याले टाकं रुंद नाई, उंच पाह्यजे."

त्या हिवाळ्यात दौलतरावांनी वरच्या वावरापेक्षा उंच होईल असा दगडाचा ओटा बांधला आणि त्यावर आधीच्यापेक्षा लहान टाकं बसवलं. नळ तोच ठेवला. वरच्या वावरात पाणी पडलं, तेव्हा कुंताबाई नळाच्या तोंडाशी हात धरून उभ्या होत्या, आणि दौलतराव खाली ओट्याच्या पायथ्याशी उभे राहून ओरडत होते, "आलं काय? आलं काय?"

सुनीतीबाई सिंदीतच राहिल्या, त्याच शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांचे गुरुवार पुष्कळ वर्षं चालले. सत्तावन्न साली त्यांनी जुळ्या भावांचं कोडं सांगितलं. एक भाऊ उजेडाच्या जवळपास वेगानं आभाळात दूर जाऊन परत येतो, आणि घरी राहिलेल्या भावापेक्षा तरुण असतो, कारण वेगात त्याचा काळ हळू सरतो.

"पण बाई," शालूबाई म्हणाल्या, "जाणाऱ्याला वाटणार की तो जागेवर आहे आणि घरचाच लांब चाललाय. मग तरुण कोण?"

"वळून परत येतो तो. घरचा कुठंच वळत नाही. दोघांत फरक तेवढाच, पण तेवढा पुरतो," बाई म्हणाल्या. "आणि काळजी करू नका, विलायतेतले विद्वानसुद्धा सध्या यावर भांडताहेत."

कुंताबाईंची अडचण वेगळी होती. "तो जवानच्या जवान वापस आला, अन् त्याची बायको इथी म्हातारी झाली. मंग तिनं काय करा?"

यावर सभामंडपात जी बाचाबाची सुरू झाली, ती दिवेलागणीपर्यंत चालली. निम्म्या बायका म्हणाल्या त्याला घरात घेऊ नये, निम्म्या म्हणाल्या बिचाऱ्याला जेवू तर घालावं. सुनीतीबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, आणि ऐकत होत्या.